दिव्याची तीट

टिक्.

दुपारच्या निजलेल्या घरात एवढाच आवाज झाला. बाळाचा नुकता डोळा लागला होता, जुई अंगणात एकटीच काहीतरी खेळत होती, आणि पाळण्याची दोरी सोडली तर बाळ उठेल की नाही याचा अंदाज घेत उत्तरा श्वास रोखून बसली होती. आवाज तिने लगेच ओळखला. काजळाच्या पितळी डबीचं झाकण. अपघातानंतर ती डबी घरात कुणी उघडलीच नव्हती.

ती पाय न वाजवता आतल्या खोलीत गेली. पलंगावर माई, तिच्या सासूबाई, डबी मांडीत धरून डाव्या हाताचं बोट काजळात बुडवायच्या खटपटीत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. उजव्या पायात सळई.

"माई, हाक मारायची ना मला."

"तुझ्यामागे व्याप काय थोडे आहेत? बाळाला इतके दिवस नुसतंच ठेवलंय आपण. म्हटलं, डाव्या हाताने जमतंय का बघू." माई हसल्या. "नाही जमलं तर बाळाला मिशी येईल, एवढंच."

उत्तराला हसता आलं नाही. माईंना ज्या गाडीने उडवलं ती तिचीच होती, आणि चालवत तीच होती.

सावरघाटात हे घर अगदी वरच्या वळणावर. खाली पायथ्याशी वाहन तपासणी केंद्र, तिथे उत्तरा दिव्यांच्या विभागात तपासनीस; अपघातापासून मात्र रजेवर. संध्याकाळी काम संपलं की शाळेशेजारच्या पाळणाघरातून जुईला घ्यायचं आणि घाट चढायचा, हा रोजचा क्रम. त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं. माई पलीकडच्या डेअरीतून दूध घेऊन परत येत होत्या. घरासमोरच्या वळणावर समोरचा रस्ता लख्ख होता, पांढरा पट्टा दिसत होता, कठड्याचे दगड दिसत होते, आणि मग एकाएकी गाडीच्या नाकावर दूध उडालं. उत्तराला आधी दूध दिसलं. माई नंतर.

"आई, काय सांडलं?" मागच्या सीटवरून जुईने विचारलं होतं.

गाडीचा वेग कमी होता म्हणून माई वाचल्या. पंचनाम्यात लिहिलं गेलं: दाट धुके, पादचारी अचानक आडवा. तो मजकूर खुद्द माईंनीच पुरवला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच सांगायच्या. "माझंच चुकलं हो. वय झालं. दिसतंय कमी आणि मिजास मात्र तरण्या बाईची." पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, कधी कुणापुढे मान न लववलेली. आता कपाला हात लावतानाही आधी इकडेतिकडे बघायची. बाळाला एकटीने मांडीवर घ्यायचं तिने सोडून दिलं होतं.

आणि उत्तराने हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी, स्ट्रेचरच्या दांडीला धरून रडता रडता म्हटलं होतं, "माई, बघून तरी चालायचं होतं हो!"

माईंनी तेव्हा मान हलवली होती. हो, चुकलंच.

*

दिवा कसा चालतो हे उत्तराला कुणी सांगायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी नव्या गाड्यांना 'बघणारे दिवे' सक्तीचे झाले. या दिव्यात एकच एक झोत नसतो. तिळाएवढ्या हजारो प्रकाशकणांची जाळी असते आणि त्यातला प्रत्येक कण वेगळा विझवता येतो. दिव्यातला कॅमेरा समोर डोळे शोधत राहतो. डोळे सापडले की त्यांच्यावर पडणारे तेवढेच कण विझतात. रस्ता दिवसासारखा उजळलेला, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर सावलीचा लहानसा डाग. तपासणीच्या पडद्यावर तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा केंद्रातलं कुणीतरी म्हणालं, "आयला, दिव्यानं तीट लावली की!" तेव्हापासून घाटातल्या सगळ्या गॅरेजांमध्ये त्याला तीटच म्हणतात. तीट सरकलीय, तीट उशिरा बसतेय, वगैरे.

उत्तराची गाडी मात्र जुनी. पिवळे, मिणमिणते दिवे. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही तिच्यात नव्हती. बाळ पोटात असताना एकदा धुक्यात तिला वळण दिसलंच नाही. कठड्याला घासून गाडी थांबली, आणि ती कितीतरी वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती पोतदारांच्या दुकानासमोर थांबली. गाड्यांचे सुटे दिवे विकणारा हा बोलघेवडा माणूस.

"मॅडम, लोकांचे दिवे नापास करता आणि स्वतः कंदील लावून फिरता होय?"

"बाहेरचा दिवा बसवणं बेकायदेशीर आहे, पोतदार. गाडी ज्या दिव्यांनी मंजूर झाली तेच दिवे हवेत."

"अहो, कायदा कशासाठी? समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. आमचा जातच नाही. तुमच्या बाहुल्यासमोर लावून बघा. बाहुल्यानं डोळा मिचकावला तर दिवा परत आणा."

बाहुला म्हणजे केंद्रातला चाचणीचा पुतळा. पुठ्ठ्याचं तोंड आणि डोळ्यांच्या जागी प्रकाश मोजणारे दोन सेन्सर. दिवा त्याच्यासमोर लावायचा आणि त्याच्या डोळ्यांत किती उजेड जातो ते बघायचं, हीच सगळी परीक्षा. उत्तराने पोतदारांचा दिवा लावला. आकडा जवळपास शून्य. कंपनीचे दिवेसुद्धा एवढे कमी दाखवत नसत.

"हा तर कंपनीच्या दिव्यांपेक्षा सज्जन निघाला," ती म्हणाली.

तो शब्द पोतदारांनी उचलला. महिन्याभरात दुकानावर पाटी लागली: 'सज्जन दिवा'. गिऱ्हाइकाने शंका काढलीच तर पोतदार म्हणायचे, तपासणीवाल्या मॅडमच्या स्वतःच्या गाडीला आहे, आता बोला. दूधवाल्यांचे टेम्पो, शाळेच्या व्हॅन, लग्नाच्या जीपगाड्या. त्या गाड्या तपासणीला आल्या की उत्तरा बाहुल्याकडे बघायची. बाहुल्याला त्रास नाही ना? मग जाऊ दे. नियम जुना आहे, दिवा नवा आहे. घाट इतका उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि त्या उजेडात आपलाही वाटा आहे, असं तिला मनातल्या मनात वाटायचं.

*

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे बाई माझ्यासाठी," माई काजळाचं बोट पदराला पुसत म्हणाल्या. "मोतीबिंदू असणार. नाहीतर एवढी मोठी गाडी मला लांब कशी वाटावी?"

"लांब?"

"हो ना. मी थांबले होते की कडेला. शाळेत पोरांना शिकवलंय जन्मभर, आधी बघा, मग पाय टाका. मी बघितलं. चांगलं टक लावून बघितलं. दिवा एवढासा होता. समईची वात असते ना, तसा. म्हटलं, अजून खालच्या वळणावर आहे गाडी, तोवर मी सहज पलीकडे जाईन. दिव्यावर नजर ठेवूनच निघाले."

उत्तराच्या हातात पाळण्याच्या दोरीचा वळ होता. तो ती अंगठ्याने चोळू लागली.

"अंधूक दिसलं का तुम्हाला? बाकीचं?"

"छे. डेअरीची पाटी वाचता येत होती. दिवाच तेवढा बारीक. म्हातारपण गं, दुसरं काय!"

बाळ रडलं. उत्तरा उठली. त्याला पाजताना ती खिडकीतून शेडमधल्या गाडीकडे बघत राहिली.

*

दिवे लागायच्या वेळी तिने गाडी शेडमधून मागच्या बोळात काढली आणि तुषारला, नवऱ्याला, तिथे बोलावलं. तो दिवसभर घरूनच काम करायचा आणि अपघातापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

"कुठे उभा राहू?"

"निरगुडीच्या कुंपणाला लागून. आणि दिव्याकडे बघ."

"डोळे जातील माझे."

"नाही जाणार. तेच बघायचंय."

तिने गाडीत बसून दिवा लावला. निरगुडीचं पान न् पान उजळलं. दोरीवर बाळाची लंगोटं होती, त्यांच्या शिवणीसुद्धा मोजता आल्या असत्या. तुषार नव्हता.

तिथे काळं भोक असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. पण तिथे कुंपणच होतं. किंचित मळकट, पण कुंपणच.

"तुषार?"

"इथंच आहे की."

"पाठ फिरव."

निळा स्वेटर अचानक उगवला. पाठ, मान, चपला, सगळं.

"आता परत बघ इकडे."

स्वेटर गेला.

"तू तर मला स्पष्ट दिसतेयस," कुंपणातून त्याचा आवाज आला. "दिवा अगदीच मंद वाटतो गं. पेटलाय ना नक्की?"

तिला सगळं एकदम कळलं, आणि हे आधीच कळायला हवं होतं हेही कळलं. कंपनीचा दिवा तीट लावतो ती फक्त डोळ्यांवर, कपाळाच्या आडव्या पट्टीएवढी. खालचं अंग उजेडात राहतं. पोतदारांच्या दिव्याचा कॅमेरा स्वस्तातला. त्याला नेमके डोळे हेरता येत नाहीत. तेव्हा चूक होऊ नये म्हणून तो चेहरा दिसला की डोक्यापासून पायापर्यंत अख्ख्या माणसाला काळं फासतो. बाहुल्याचे डोळे त्यातच आले, म्हणून आकडा शून्य. समोरून गाडी येत असेल तर तिला स्वतःचे दिवे असतात, ती दिसतेच. चालणाऱ्या माणसाला कुठला दिवा? आणि भोवती एवढा लखलखाट असला की चालवणाऱ्याच्या डोळ्यांतली बाहुली बारीक होते. मग त्या सावलीत काहीच दिसत नाही, आणि मेंदूला रिकामी जागा आवडत नाही. तो आजूबाजूचं कुंपण, धुकं, रस्ता आणून तिथे भरून टाकतो.

पाठमोरा माणूस वाचतो. दिव्याकडे बघणाराच गायब होतो. नीट बघून रस्ता ओलांडणारा.

म्हणजे दिव्याने माईंना पाहिलं होतं. उत्तराच्या कितीतरी आधी, अगदी व्यवस्थित.

"बाबा गायब!" जुई कधी आली कळलंच नाही. ती गाडीशी उभी राहून टाळ्या पिटत होती. "आई, मला पण! मला पण गायब कर!"

"जुई, थांब..."

ती कुंपणाकडे धावलीसुद्धा. आईने शिकवलं होतं तशी उभी राहिली असणार. आधी इकडे बघायचं, मग तिकडे, मग थेट गाडीकडे, हात वर करून. खिदळण्याचा आवाज येत होता. लंगोटं दिसत होती, पानं दिसत होती.

उत्तराने दिवा बंद केला.

जुईला आत पाठवून तुषार गाडीच्या दाराशी आला.

"किती गाड्यांना आहे हा?"

"घाटातल्या निम्म्या तरी. जास्तच."

"तू पास केलेल्या."

"हो."

"हॉस्पिटलात तू तिला काय म्हणालीस, आठवतंय?"

"तुषार, प्लीज."

"नाही, मीही तेच म्हणालो असतो. पण ती ते धरून बसलीय. परवा मला म्हणाली, बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवत जाऊ नका." त्याने गाडीच्या छपरावर हलकेच हात आपटला. "तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते. पण आधी ढवळे सरांना."

"का? नोकरी आधी?"

उद्या शाळेची व्हॅन वर येणार होती, हे खरं होतं. आणि माईंच्या डोळ्यांना डोळा देणं जितकं पुढे ढकलता येईल तितकं तिला हवं होतं, हेही खरं होतं.

*

केंद्रप्रमुख ढवळे फोनवर जेवता जेवता बोलत होते.

"मॅडम, पंचनामा झालाय. धुकं आणि पादचारी. घरातलं माणूस, तक्रार नाही. मिटलंय. आणि बाहुला तर पास म्हणतोय."

"बाहुला चुकीच्या बाजूला उभा आहे, सर. समोरच्याच्या डोळ्यांत काय जातं तेवढंच आपण मोजलं. चालवणाऱ्याच्या डोळ्यांतून काय निसटतं, ते मोजलंच नाही."

"बरं, समजा. मग? तुम्ही लावलात म्हणून लोकांनी लावले, आणि आता तुम्हीच सांगणार काढा म्हणून? लोक जोड्यानं हाणतील. मला नाही, तुम्हाला. आणि तपासनिसाच्याच गाडीला बेकायदा दिवा, हे वर कळलं की तुमची खुर्ची गेली. पदरात तान्हं आहे, जरा विचार करा."

"जायचीच ती, सर. उद्या सकाळी राजीनाम्याचा अर्ज आणून देते, माझा दिवा रविवारनंतर. शाळेच्या व्हॅनवाल्यांना आत्ताच फोन केलेत. रविवारी बाजाराच्या पटांगणात सगळ्यांना दाखवणार आहे, दिवस मावळताना."

पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. "मी येईन असं धरू नका," ढवळे म्हणाले.

*

माईंसमोर बसल्यावर ती पाठ केलेलं सगळं विसरली. बाहुला, तीट, कुंपण, सगळं उलटसुलट सांगून झालं. माई ऐकत होत्या. वर्गात उशिरा आलेल्या मुलीचं ऐकावं, तशा.

"म्हणजे मी नीट बघितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो माई. नीट बघितलंत, म्हणूनच झालं."

"डोळे चांगले आहेत माझे?"

"चांगले आहेत."

माईंनी चष्मा काढला, डाव्या हाताने मांडीवर ठेवला.

"आणि रोज माणसं यायची, मी सांगायची माझंच चुकलं, आणि तू चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असायचीस."

"मला तेव्हा माहीत नव्हतं, माई. शपथ."

"ते सोड. माहीत नव्हतं, कबूल. पण मी तसं म्हणायची तेव्हा तुला बरं वाटायचं ना?"

पाळण्याची कडी करकरली. उत्तराने खाली बघितलं. फरशीवर दुधाचा एक वाळलेला थेंब होता, तो ती नखाने खरवडत राहिली. खोटं बोलायला जागा नव्हती.

"हो," ती म्हणाली. "बरं वाटायचं."

माई खिडकीबाहेर बघत होत्या. मग नाक पुसून, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "रविवारी पटांगणात कोण उभं राहणार दिव्यासमोर?"

"तुषार."

"नको. त्याला काय झालंय? चांगला धडधाकट. खुर्ची टाक, मी बसते, या प्लास्टरसकट. आणि गाडीत एकेकाला बसव. पोतदाराला पहिला. बघू देत म्हातारी कुठं जाते ते."

"माई, लोक बघत राहतील तुमच्याकडे."

"बघू देत की! गाडीत बसल्यावर दिसणार कुठंय मी त्यांना?" त्या हसल्या नाहीत. "आणि तू गाडीच्या दाराशी उभी राहायचं. आत बसायचं नाही, घरी यायचं नाही. प्रत्येकाला तोंडाने सांगायचं, ही माझी सासू, हिला मी उडवलं. ट्रे घेऊन उभी राहत होतीस ना, तशीच."

"राहीन."

"बरं." माईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बाळाला आण इकडे. तीट राहिलीय दुपारची."

उत्तराने बाळाला माईंच्या मांडीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. माईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग डावा गुडघा उचलून बाळाचं डोकं तोलून धरलं. जुई काजळाची डबी घेऊन पुढे झाली. माईंनी डावं बोट बुडवून बाळाच्या गालाला लावलं. बोट घसरलं. काळा फराटा थेट कानापर्यंत गेला.

"माईआजी, केवढी मोठी!"

"पुसू गं. तुझी आई पुसेल."

उत्तराने ओढणीचं टोक ओलं करून फराटा पुसायला घेतला. हळूहळू गाल मोकळा झाला, ठिपका लहान झाला, बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. जुई वाकून बघत होती. बोळातल्या खेळापासून तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं, ते कपाळावरच्या आठीवरून कळत होतं.

"आई, दिव्यानं माईआजीला तीट लावली होती ना? बाबा म्हणत होते."

"हो."

"तीट लावली की नजर लागत नाही ना?"

उत्तराचा हात थांबला. माईंनी मान वर केली.

"मग तिला नजर कुणाची लागली?"